सातवी पास, हापसा मेकॅनिक

पुस्तक लिहायला प्रोफेसरच लागतो म्हणता? मग ऐका. लातूर जिल्हा नवाच झाला होता, अन् दुष्काळ लई होता. फ्रान्सची एक बाई गावांत पाण्याचं खरं काय हाय, याचा छडा लावून पुस्तक लिहायला उदगीरला आली. मी हापसे दुरुस्त करायचो, गावं माहीत, म्हणून मला संगं घेतलं. तिला मोडकंतोडकं हिंदी यायचं.

मी विचारलं, "मॅडम, तुम्ही प्रोफेसर का?"

"न्हाई, नर्स होते. फ्रेंचमधी अशी छडा लावणारी पुस्तकं लिहिणाऱ्यांतला एक जण पोलीस होता, दुसरा पाव भाजायचा. पिठातली भेसळ त्यालाच पहिली कळली."

हे माझ्या डोक्यात बसलं.

दुसऱ्या दिवशी सरकारी कचेरीत पाणीपुरवठ्याच्या साहेबानं तिला हापशांची यादी दाखवली. आमच्या गावचे तिन्ही हापसे चालू!

मी म्हणलं, "साहेब, ही जुन्या जिल्ह्याची यादी हाय, तशीच उतरवून घेतलेली. दोन बोअर कवाच आटले."

"मी स्वतः जाऊन बघितलंय. हापसे उभे हायेत."

"उभेच राहणार. बोअर आटला की आतले रॉड काढून आम्ही दुसऱ्या हापशाला लावतो. वरचं हँडल तेवढं राहतं."

साहेब भडकला. "कितवी शिकलास रे?"

"सातवी."

"अन् सरकारी यादी चूक म्हणतोस?"

बाई भराभरा लिहीत होती. मी पिशवीतला पाना काढून यादीवर ठेवला.

"चला गावात, तुमच्यासमोर खोलतो. आत रॉड हाय का न्हाई, हे बघायला कितवी पास लागते, साहेब?"