फॉर्मवर मेलेला

नाही काढणार. एकदा सांगितलं ना, रुचिता मॅडम, दहादा वदवून घेऊ नका. गळ्यातली पोत काढायची, कपाळ पुसायचं आणि मग तुमच्या संस्थेच्या कॅमेऱ्यापुढं बसायचं – का, तर नवरा मेलेली बाई दिसायला हवी म्हणून! पाच मिनिटांचं काम म्हणता. पाच मिनिटांसाठी कुणी रांडाव होतं का? तुमच्या मुंबईत होत असेल. आमच्या कैनाड गावात नाही होत.

बसा. उभ्या राहू नका, बसा त्या खाटेवर. पाणी हवं तर माठात आहे, हातानं घ्या, आज मी उठणार नाही. शितल वर गेलीय, पाण्याच्या टाकीपाशी. इथं घरात रेंज नाही, टाकीच्या चौथऱ्यावर उभं राहिलं की मिळते. निकाल चारला, आणि पोरगी दोनपासून जाऊन बसलीय – भाकर तशीच टोपल्यात. आठ दिवस झोपली नाही ती. बारावीची परीक्षा तोंडावर, पण पुस्तक उघडलं तरी डोळे फोनवर. तुम्हीच सांगितलंत ना तिला, की याद्या दोन लागतात, एक बारावीच्या आधी, एक नंतर, आणि आधीच्या यादीत नाव आलं तर राहणं, जेवणं, शिकणं सगळं त्यांचं? दिल्लीच्या पुढं आहे म्हणे ते विद्यापीठ. आपल्या पट्ट्यातून कुणी गेलं नाही अजून. पहिली आपली शितल जाणार – असं तुम्हीच पोरांसमोर बोललात, डहाणूच्या शनिवारच्या वर्गात. टाळ्या वाजवायला लावल्यात.

आता काय, कॅमेरा मांडीवर ठेवलात. ठेवा. संगिताताई चिडल्यात असं लिहून घ्या हवं तर. चौदा वर्षं अंगणवाडीत मदतनीस आहे मी, साहेब-मॅडम लोक माझ्यापुढून पुष्कळ गेलेत. कोण पोरांना खाऊ घालायला येतं आणि कोण फोटो घ्यायला येतं, ते मला जीपमधून पाय खाली ठेवतानाच कळतं. पण तुमच्या बाबतीत चुकले. तुम्ही गोड बोलता ना! शितलच्या डोक्यावरून हात फिरवलात, मला ताई म्हणालात, आणि मी बाई लगेच विरघळले.

तिनं आधी काय लिहिलं होतं, आठवतं तुम्हाला? मला आठवतं. मराठीतून मला वाचून दाखवलं होतं तिनं, चुलीपाशी बसून. शितलचा बाप घोलवडच्या वाडीत चिकू तोडायला जातो – लहानपणापासून जातो – आणि तो झाडाखाली उभा राहिला, एकदा वर बघितलं, की सांगतो, ह्याच्या सात करंड्या निघतील, ह्याच्या नऊ. निघतातच. अर्धी करंडी इकडं नाही की तिकडं नाही. शितल सुट्टीत त्याच्याबरोबर जायची, वही घेऊन. फांद्या मोजायची, एका फांदीची फळं मोजायची, गुणाकार करायची, आणि तरी बापाचाच आकडा बरोबर यायचा. तर तिनं लिहिलं होतं, माझा बाप कसा मोजतो ते मला शोधायचंय, त्यासाठी मला गणित शिकायचंय. शाळेत न गेलेल्या माणसाचं गणित! मी ऐकलं आणि तोंडात पदर धरला. तो बाहेर बसला होता, त्यानंही ऐकलं. त्या दिवशी दोनदा जेवायला मागितलं त्यानं.

आणि तुम्ही काय म्हणालात? छान आहे, पण जोर नाही. जोर! मग विचारलंत, घरात काही झालंय का, काही दुःख, काही अपघात. पोरीनं सांगितलं – बाबा दोन वर्षांपूर्वी झाडावरून पडला, पाय मोडला, अजून लंगडतो. पडला हे खरं. मेला हे तुमचं. मुदतीचा शेवटचा दिवस होता, फॉर्म तुमच्या लॅपटॉपवर, इंग्रजी तुमचं. पोरगी बसलेली समोर. पाठवून झाल्यावर तिला दाखवलंत. तिनं वाचलं, आणि – नाही, तिला दोष देणार नाही मी. सतरा वर्षांची पोर, तिनं काय बोलायचं होतं तुमच्यापुढं? घरी आली, दोन महिने त्याबद्दल तोंडातून शब्द काढला नाही.

मला कधी कळलं? तुम्हीच कळवलंत. आठ तारखेला, अंगणवाडीत मी खिचडी ढवळत होते, तुमचा फोन. ताई, उद्या विद्यापीठातून तुम्हाला फोन येईल, चौकशीचा. वडील नाहीत असं फॉर्मवर आहे, तेवढंच सांगा. दुसरं काही बोललात तर शितल खोटारडी ठरेल, तिची फाईल कायमची बंद. हसत सांगितलंत. हो, हसत! मला ऐकू येतं मॅडम, माझा नवरा मेला असला तरी माझे कान जिवंत आहेत.

नऊ तारखेला आला फोन. आम्ही दोघं नवराबायको वर, टाकीजवळच्या वावरात वालाच्या शेंगा तोडत होतो. तो माझ्याच ओळीत, दोन हातांवर. हिंदीत बोलणारा माणूस होता, आवाज सभ्य. शितलची आई का, घरात कोण कोण, असं विचारत विचारत आला. मग म्हणाला – पिताजी कब गुजर गए? मी बघितलं त्याच्याकडं. तो शेंगा तोडत होता. हिंदी कळतं त्याला, वाडीत सगळे भय्ये आहेत बरोबर. आणि मी म्हटलं – दो साल हो गया. झाड से गिर गए. तो माणूस म्हणाला, हमें दुख है. आणि मी – मी त्याला थँक्यू म्हटलं. थँक्यू! कोण म्हणतं असं? जिवंत नवऱ्यापुढं उभं राहून त्याच्या मरणाचं थँक्यू म्हटलं मी.

रडत नाहीये मी. डोळ्यात काही नाही. ते रुमाल-बिमाल तुमच्यापाशीच ठेवा.

भांडला का विचारता? भांडला असता तर बरं झालं असतं. ओळ संपवली त्यानं. टोपली उचलली. म्हणाला, पोरीचं काम झालं? मी म्हटलं, झालं. बरं मग, म्हणाला. दुसऱ्या दिवशी पहाटे चादर गुंडाळली आणि गेला घोलवडला, वाडीतल्या झोपडीत राहायला. मला वाटलं रागानं गेला. चार दिवसांनी भाकऱ्या बांधून गेले मागं, म्हटलं चल घरी. तर लंगडत बाहेर आला आणि मलाच समजावतो – अगं, कुणी चौकशीला आलं म्हणजे? मी ओट्यावर बसलेला दिसलो म्हणजे? पोरीचा निकाल लागू दे. तोवर मी नाही. असं म्हणाला तो, मॅडम. ‘तोवर मी नाही.’ आज वीस दिवस झाले. शेजारची बुधीबाई विचारते, भांडलात काय गं? मी हो म्हणते. काय सांगू दुसरं?

आणि आज आल्यावर तुम्ही सहज बोलून गेलात की दरवर्षी फॉर्म भरावा लागेल. दरवर्षी! म्हणजे नाव आलं तर चार वर्षं. चार वर्षं त्याला मेलेलाच ठेवायचा? पोरीला सोडायला स्टेशनावर तो येणार नाही, तिच्या पदवीला येणार नाही, आणि मध्येच खरोखर काही झालं त्याला, तर मी कुणापुढं रडायचं – तो तर आधीच मेलेला! आता बोला ना. जोर आला का गोष्टीला?

थांबा. आली. ती बघा, चढणीवरून उतरतेय. हळू चालतेय. पळत नाहीये – का पळत नाहीये ती? थांबा, मॅडम, कॅमेरा नको, खाली घ्या तो, खाली घ्या म्हणते ना! शितल! काय झालं गं? मान हलवू नको, तोंडानं सांग. काय? नाही? नाव नाही? दुसऱ्या यादीलाही धरणार नाही म्हणून लिहिलंय? सरळ नाही? बरं झालं.

ये. इकडं ये. बस. रड, पोटभर रड.

मॅडम, ऐकलंत? आत्ता, ती ‘नाही’ म्हणाली तेव्हा, माझ्या तोंडून काय निघालं ते ऐकलंत तुम्ही? ‘बरं झालं’ म्हणाले मी. पोरीचं एवढं स्वप्न बुडालं, ती माझ्या मांडीवर रडतेय, आणि मी आई असून – बरं झालं. हे बोलायला लावलंत तुम्ही मला. तिनं ऐकलं असेल. ऐकलंस का गं? नाही? ऐकलं असशील तर ऐक, बाळा, तुझ्यासाठी नव्हतं ते.

तुम्ही काय बोलताय आता? पुढच्या वर्षी परत? नवीन निबंध? उठा. उठा, मॅडम. तुमचा ड्रायव्हर झाडाखाली झोपलाय, त्याला उठवा आणि जा. नाही, तिच्याशी बोलायचं नाही. तिच्याकडं बघायचंही नाही. शितल, तोंड धू, भाकर खा दोन घास. मग घोलवडला जायचंय आपल्याला. जा म्हटलं ना! दार ओढून घ्यायचंय मला.