खिशातली कळ

मंडळी, ज्ञान दिल्यानं वाढतं म्हणतात. मान्य? डोलल्या सगळ्यांच्या माना! मग सांगा, जो आपली युक्ती लपवून ठेवतो, तो पापी का? थांबा, घाई नको. आधी ऐका.

दीडशे वर्षांपूर्वी फ्रान्स देशात एत्येन नावाचा लोहार होता. त्याला शोधायला निघू नका हं! पुढे देशादेशांतला तह येईल, तो खरा. एत्येन माझ्या आख्यानातला. यानं मळणीयंत्र केलं. मळणीयंत्रात हात गेला की काय होतं, ते तुम्हाला मी सांगायला नको. म्हणून यानं एक कळ बसवली. हात आत सरकला, की चाक जागच्या जागी बंद!

तिकडे व्हिएन्नाला देशोदेशीच्या कारागिरांचं प्रदर्शन भरलं. पण कित्येक जण गेलेच नाहीत! का? कायद्याची सत्ता आपल्या शिवेपर्यंत. शीव ओलांडली, की तुमची युक्ती बेवारस! कुणीही बघावी, घरी जाऊन तीच विकावी.

बायको मार्गो म्हणाली, "अहो, नका जाऊ. लुबाडतील."

"मी बरा लुबाडू देईन! यंत्र नेतो, कळ काढून ठेवतो." आणि कळ घातली खिशात. केवढा हुशार!

झालं! बघणाऱ्यांनी यंत्र बघितलं, परमुलखात जसंच्या तसं केलं — बिनकळीचं! लीना नावाची शेतकरीण त्यावर मळणी करत होती. उजवा हात गेला.

एत्येनच्या कानावर आलं. आधी म्हणाला, "चोर ते! माझा काय दोष?" पण शेवटी कळ घेऊन लीनाच्या दारात गेला.

तिनं ती डाव्या हातात घेतली. "ही तेव्हा होती?"

"होती."

"कुठं?"

"माझ्या खिशात."

लीना म्हणाली, "चोरांनी तुझी अक्कल नेली, दादा. माझा हात कुणी नेला?"

आता बोला मंडळी! आहे उत्तर? एत्येन रडला, आणि घरी येऊन त्यानं ती कळ चारचौघांत उघडून दाखवली — कायद्याचं संरक्षण नसताना!

पुढे काही वर्षांनी पॅरिसला अकरा देशांनी तह केला. ठरलं काय? आपल्या माणसाला जो न्याय, तोच परक्याला. आणि मायदेशी आधी युक्तीची नोंद केलीस, तर काही महिने परदेशातही तुझा नंबर राखू. एस.टी.त खिडकीतून रुमाल टाकतो ना, तसं! मागोमाग पुस्तकं लिहिणाऱ्यांसाठीही तह झाला. का? माणसाला भरवसा वाटला, तरच तो मूठ उघडतो.

आता आपलं बघू. संतांनी अभंगाला कुलूप नाही लावलं. वाटले, हवे तेवढे! पण शेवटच्या चरणात नाव आहे ना? ते गाळून म्हणायची तुमची छाती होईल? मग फोनवर कुणाची कविता पुढे पाठवताना खालचं नाव का कापता?

ज्यानं कधी कापलं नसेल, त्यानं टाळी वाजवावी!

...का हो? टाळ तेवढे वाजले, हात नाही वाजले. असू दे. देवाचं नाव घेऊच आपण. पण आज घरी गेल्यावर, ज्याचं कापलंय, त्याचं नाव आधी परत लिहा.