दोरीवरचं घरटं

दातांच्या दवाखान्यात मी नंबराची वाट बघत बसले होते. समोरच्या बाकावर एक नवरा-बायको. बायको कुरकुरत होती.

"गॅलरीचं दार उघडायचं नाही, कपड्यांच्या दोरीला हात लावायचा नाही, मिक्सरसुद्धा लावायचा नाही!"

"अगं, अंड्यांवर बसलीय ती पक्षीण. दचकून उडाली तर?"

"बसू दे की! पण ओल्या कपड्यांची बादली घेऊन रोज दोन जिने चढून जाऊबाईंकडे जाते मी. त्यांचं वाकडं तोंड तुम्हाला नाही बघावं लागत."

"थोडे दिवस कळ काढ. एवढुसा जीव तो."

"पण आपलीच दोरी बरी सापडली तिला! बाकी शहर ओस पडलंय का?"

"तेच म्हणतो मी. झाडावर बांधावं ना घरटं."

"कुठल्या झाडावर? फाटकाजवळचं तर तुम्हीच तोडायला लावलंत!"

"ते मेलं होतं. एक पान नव्हतं त्याच्यावर."

"पानं गळायचे दिवस होते हो ते! पालवी फुटेपर्यंत दम धरवला नाही तुम्हाला. काल बघितलं मी. बुंध्याला कोंब आलेत."

"काय सांगतेस! मग... पाणी घालू का त्याला?"

"घाला. त्याचं झाड होईपर्यंत तुमचे शर्ट जाऊबाईंकडेच वाळतील."