पिवळं सोडून

धाकटा: माणसाच्या इच्छाशक्तीपुढे चरबीच काय, दादा, मृत्यूसुद्धा वितळतो.

दादा: वितळेल. आधी पाय हलव. मघापासून त्या सायकलवर नुसता बसून आहेस.

धाकटा: जरा अंधारी आली.

वहिनी: येणारच. सकाळपासून पोटात काय, तर काळी कॉफी. उतरा खाली, भाऊजी. भात आणि दोन अंडी आणलीयत.

धाकटा: नको, वहिनी. खाल्लं की पुन्हा तासभर सायकल मारावी लागते. त्यापेक्षा न खाल्लेलं परवडतं. आत कमी जाऊ द्यायचं, बाहेर जास्त काढायचं. साधं गणित आहे.

दादा: शाळेत हौदाची गणितं तुला कधी सुटली नाहीत.

वहिनी: डॉक्टर आज काय म्हणाले ते यांना सांगताय, की मी सांगू?

धाकटा: वजन उतरलंय म्हणाले.

वहिनी: पुढचं.

धाकटा: उतरलं ते दंडांचं आणि मांड्यांचं. लिव्हरवरची चरबी जागच्या जागी आहे. उपाशी राहून वर सूज आणलीत म्हणाले. असल्या लिव्हरचा तुकडा काढून मी तुमच्या दादांना लावणार नाही, म्हणाले.

दादा: बरोबर आहे. खराब काढून खराबच बसवायचं, तर माझं काय वाईट आहे? निदान सवयीचं आहे.

धाकटा: थट्टा नको ना, दादा.

दादा: मग काय करू? जिना बंद, मीठ बंद, पाणीसुद्धा मोजून. थट्टा अजून कोणी बंद केलेली नाही.

वहिनी: मग आता करायचं काय म्हणाले?

धाकटा: दोन्ही वेळा नीट जेवायचं. सायकल निम्म्यावर आणायची, तीही सावकाश. चरबी हळूहळूच जाते म्हणाले. तीनेक महिन्यांनी पुन्हा तपासू.

वहिनी: तीन महिने.

दादा: तेवढे माझ्याकडे आहेत का, विचारलंस त्यांना?

धाकटा: विचारलं.

दादा: मग?

धाकटा: म्हणाले, अंड्यातलं पिवळं सोडून खात जा.

(सायकलचं चाक उगाच थोडं फिरून थांबतं.)

दादा: हुशार माणूस आहे.

धाकटा: मी दुप्पट मारतो, दादा. दोन महिन्यांत आणतो. दीडमध्ये—

दादा: उतर. इथे बस, माझ्यासमोर. खा.

धाकटा: घशाखाली उतरत नाही रे.

दादा: माझ्या ताटातलं पळवताना बरं उतरायचं.

वहिनी: खाताय ना, भाऊजी?

धाकटा: खातोय. हे पिवळं कुठे टाकू?

दादा: टाकू नकोस. इकडे दे.

वहिनी: तुम्हाला? अहो, अंड्याच्या वासानं कालच उलटी झाली होती.

दादा: बघू. मला कुठे कोणाला लिव्हर द्यायचंय.

वहिनी: असं बोलू नका हो.

दादा: नाही बोलत. वर चिमूटभर मीठ टाक.