शिवाची जादा वायर

छतात स्पीकर बसवायचे म्हणतोयस न्हवं? मग आमच्या शिवा वायरमनलाच बोलव. का ते सांगतो.

आमच्या राजारामपुरीच्या घरात हॉलच्या छतात चार स्पीकर ठरले. वायरी ओढताना शिवानं एक जादा वायर स्वयंपाकघरात नेली. मी म्हटलं, "तिकडं कशाला रं? आत स्पीकर कुठं हाय?"

"असू दे की दादा," म्हणाला, आणि वायरीचं टोक भिंतीतल्या रिकाम्या बोर्डात गुंडाळून झाकण लावलं.

मग छत पीओपीनं बंद झालं, रंगबी झाला. गाणी चालू करून द्यायला शिवाच आलता. मी सोफ्यावर ऐटीत बसलोय, तवर बायको आतनं आली. "स्वयंपाकघरात काय ऐकू येत न्हाय. माझ्यासाठी एक लावायला काय झालतं?"

मी म्हटलं, "आता नवं छत फोडायचं व्हय?" शिवा आत गेला, झाकण काढलं, वायर बाहेर ओढली आणि पिशवीतला स्पीकर जोडून गाणं लावलं.

"तुला कसं कळलं रं?"

"तीन दिवस शिडीवर हुतो, दादा. वहिनी आतनं सारख्या म्हणायच्या, हॉलमधला रेडिओ जरा मोठा करा. तुम्ही एकदाबी उठला न्हाईसा."

असा कारागीर न्हाय बघ कोल्हापुरात.

आता स्वयंपाकघरात गाणी मोठ्यानं लागत्यात. मी हॉलमधनं ओरडतो, जरा बारीक कर. कोण उठत न्हाय.