पडीक रान

नागूबाई : चार दिस झाले तुझा नवरा इथियोपियाहून येऊन, श्रीदेवी. आपल्या मंठाळ गावातलं एक दार सोडलं न्हाई त्यानं. पारावर बी तेच, न्हाव्याकडं बी तेच सांगायलाय. आपल्या देशानं त्यांना कर्ज दिलं, आपली कंपनी त्यांना शेती शिकवायलीय. जसं काय ते लोक आजवर माती खाऊन जगले.

श्रीदेवी : हळू बोला आत्या, दारातच हायेत. महांतेश भाऊजींची पेटी बांधायलेत.

नागूबाई : रविकुमार, आत ये. धाकट्या भावाला तिकडं कशापायी न्यायलास, माझ्या तोंडावर सांग.

रविकुमार : नोकरी हाय अव्वा. सायबाला मीच बोललो, धनगराच्या पोरासारखा जनावरं वळणारा मिळायचा न्हाई.

नागूबाई : कंपनी ऊस लावायलीय म्हणालास. जनावरं कुठली?

रविकुमार : तिथल्या लोकांची. उसात घुसतात. धरून कोंडवाड्यात घालायची, एवढंच काम.

नागूबाई : कंपनी यायच्या आधी कुठं चरायची ती?

रविकुमार : तिथंच. पर रान पडीकच होतं. ना बांध, ना पेरा, ना कागदावर कुणाचं नाव. दोन सरकारांनी सह्या करून ठरवलंय अव्वा, मोठ्या लोकांचं काम हाय ते.

नागूबाई : तुझ्या आज्याचं नाव कुठल्या कागदावर होतं? आठ महिने मेंढरं घेऊन पार निंबर्गा गावापतुर हिंडायचा. पडीक माळावरच आपलं घर जगलं. एका साली लोकांनी कोंडवाड्यात घातली त्याची मेंढरं, तीन दिस पाणी न्हाई. अठरा मेली.

श्रीदेवी : त्या म्हातारीचं सांगा की. फोनवर मला सांगितलं ते.

रविकुमार : तू गप बस.

श्रीदेवी : कोंडवाड्याच्या दारात बसती म्हणे आत्या, वासराला पाणी पाजू द्या म्हणून. ह्यांनी काठी दाखवून उठवली तिला.

नागूबाई : महांतेशला ठाव हाय हे?

रविकुमार : तिथं गेल्यावर कळंल की. इथं काय करणार हाय तो? वीटभट्टीवर जाणार? तिथं सायेब म्हणतील त्याला.

(नागूबाई पेटीची दोरी सोडायला लागते.)

रविकुमार : अव्वा, उद्या सकाळी निघायचंय.

नागूबाई : तू निघ. महांतेश भट्टीवर जाईल, पर तिकडं जायचा न्हाई. आणि तुझं म्हणशील तर, तुझ्या आज्याकडं एक कुत्रं होतं. ते बी मेंढरांच्या बाजूनं भुंकायचं.