चित्ता माझा, ससाणा दादाचा

आमचे आजोबा दख्खनेतून फौजेबरोबर इकडं धारकडं आले आणि इथलेच झाले. मी जन्मलो धरमपुरीजवळ, एका सरदारांच्या, म्हणजे आमच्या सरकारांच्या, शिकारखान्यात, बाप चित्तेवान, त्याच्यामागं चित्ता मी सांभाळला आणि थोरल्या भावानं, दादानं, ससाणा. काय सांगू तुम्हाला, दोघांत सरस कोण यावर आम्ही रोज भांडायचो. दोन्ही रानातून धरून आणलेली, दोघांच्या डोळ्यांवर टोपी. पण चित्त्याची झडप चुकली की तो रुसून बसायचा, मग मी रक्ताची पळी नाकाशी धरायची, बाबापुता करायचं, तेव्हा कुठं शिकारीच्या बैलगाडीवर चढायचा. ससाणा आभाळात सुटला की त्याला कोण धरणार, तरी दादानं हाक मारली की मुठीवर येऊन बसायचा. दादा म्हणायचा, तुझा साखळीचा, माझा मनाचा. मला ते लागायचं, भिया, फार लागायचं.

संवत छप्पन्नच्या दुष्काळानंतरची गोष्ट, हिवाळ्यात सरकारांकडं पाहुणे आले. माझ्या चित्त्यानं काळवीट पाडलं, शाबासकी मिळाली. मग दादानं ससाणा तित्तिरावर सोडला, तो वर चढला, एक फेरा घेतला आणि सरळ नर्मदेपार गेला. दादा काठावर हाका मारत राहिला, घसा बसेपर्यंत. पाहुणे हसले. सरकारांनी मला विचारलं, पाखरू का गेलं?

शिकारी पाखरू भुकेलं सोडावं लागतं, पोट भरलं तर ते कशाला परततंय. पाखरू नुकतं दुखण्यातून उठलेलं, म्हणून दादानं त्या सकाळी दया येऊन त्याला चारलं होतं, आणि ते फक्त मला सांगितलं होतं. ठाऊक नाही म्हणालो असतो तर चाललं असतं. मी म्हणालो, "सरकार, दादानं त्याला पोटभर चारलं होतं."

दादानं मुठीवरचा हातमोजा काढून खाली ठेवला.

त्याला घालवून दिलं. वहिनीला घेऊन तो सतवासला गेला, तिथल्या बाजारात हमाली केली. मी दोनदा गेलो, वहिनीनं दारातच पाणी दिलं, तो बाहेर आला नाही. पुढं सरकारांनी मोटर घेतली, मोटरीतून बंदुकीनं हरणं पडू लागली, चित्ता साखळीला खंगून मेला, मंग मलाही कोणी ठेवलं नाही. दादा गेल्याचं महिन्यानं कळलं, नुसती आंघोळ केली, बस.

आता घाटावर नावाड्यांचे दोर वळतो, हात चालतात तोवर चालतात. वहिनी अजून आहे म्हणतात. देव तिला सुखी ठेवो. तुम्ही सतवासकडं गेलात तर माझं नाव काढू नका तिच्यापुढं.